शब्दचर्चा : 'असंगत प्रकीर्णन'ला बरा शब्द आहे का?

सुगरणपक्षी : एका लेखाचं भाषांतर करतेय. भूचुंबकीय वादळात (सूर्याच्या उद्रेकांनी पृथ्वीचं चुंबकक्षेत्र ढवळतं तेव्हा) पेरूमधल्या हिकामार्का वेधशाळेचं रडार आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थराचा, वेध कसा घेतं, असा विषय. 'इनकोहेरंट स्कॅटर'ला संपादकांनी 'असंगत प्रकीर्णन' सुचवलंय. मला मात्र असंगत म्हटलं की उलटतपासणीत अडकलेला साक्षीदार दिसतो.

नारळीभात : आयनोसोंडच्या (आयनांबर तपासणाऱ्या साध्या रडारच्या) लघुलहरी आयनांबरावरून परततात, पण त्यांतून सर्वांत दाट थरापर्यंतचंच कळतं. हिकामार्काच्या 50 मेगाहर्ट्झच्या लहरी आरपार जातात. वाटेतले सुटे इलेक्ट्रॉन त्यांचा नगण्य अंश विखुरतात, त्यातलाही कणभर खाली येतो. तो टिपायला सुमारे 300 मीटर बाजूच्या चौकोनात 18,432 डायपोल (साधे अँटेना) मांडलेत! इलेक्ट्रॉनांचा आपसात मेळ नाही, म्हणून असंगत.

खगोलखुळा : मेळ नाही हे ही पद्धत सुचवणाऱ्या शास्त्रज्ञ गॉर्डन यांचं 1958चं गृहीतक. त्याच वर्षी शास्त्रज्ञ बोल्स यांनी प्रतिध्वनी पकडला, तर त्याचा वर्णपट (परतलेल्या लहरींच्या वारंवारतांचा पसारा) अपेक्षेपेक्षा फारच अरुंद. इलेक्ट्रॉन जड आयनांच्या कलाने हलतात, म्हणजे इंग्रजी नावच अर्धं चुकलंय. (पुढे हिकामार्काही बोल्स यांनीच उभारली.) आपल्याला फायदाच झाला : वर्णपटाच्या आकारावरून तापमान कळतं, तो किती सरकला यावरून प्लाझ्माचा (आयन आणि इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणाचा) वेग.

वादळात हा वेगच बघायचा असतो. हिकामार्का चुंबकीय विषुववृत्तावर आहे. तिथे चुंबकक्षेत्र आडवं, त्यामुळे पूर्वेकडे रोखलेलं विद्युतक्षेत्र प्लाझ्माला वर उचलतं. एरवी दिवसा सेकंदाला 20 मीटरच्या आसपास. वादळ उठलं की ध्रुवांकडचं विद्युतक्षेत्र जवळजवळ लगेच इथवर पोचतं आणि वेग कितीतरी वाढतो. काही तासांनी वरचे वारे बदलले, की भरदिवसा प्लाझ्मा खालीही उतरू लागतो. जीपीएसची गणितं चुकतात ती अशा उलथापालथीत.

सुगरणपक्षी : आणि आंध्रातलं गादंकीचं रडार?

खगोलखुळा : ते 53 मेगाहर्ट्झचं, पण आयनांबरात बघतं ते कोहेरंट, म्हणजे आपसात मेळ असलेलं प्रकीर्णन. प्लाझ्मात साधारण तीन मीटर अंतराच्या सुरकुत्या पडल्या की प्रतिध्वनी जोरकस येतो. सुरकुत्या नसतील तर त्याला तिथे काहीच दिसत नाही.

नारळीभात : ताई, सरळ 'इनकोहेरंट स्कॅटर रडार' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा करा. 'अकलासंबद्ध' (कला म्हणजे लहरीची फेज, तिचा मेळ नसलेलं) मात्र नको, वाचक अकलेशी संबंध शोधत बसेल.