मदत हवी आहे: केंटकीत रँड पॉलना पुन्हा मत द्यावं का?

मंडळी, अमेरिकेतल्या राजकारणाचा प्रश्न आहे. शिव्या न देता उत्तरं द्या.

आम्ही केंटकीत राहतो, मतदार नोंदणी रिपब्लिकन पक्षात. घर जुन्या वळणाचं: ऋण काढून सण नको, मुलांवर लक्ष हवं. २०२२ मध्ये दोघांनीही आमच्या राज्याचे रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांना मत दिलं होतं. त्यांची मुदत जानेवारी २०२९ मध्ये संपते. पुन्हा उभे राहिले तर काय करायचं, यावरून घरात आत्तापासूनच जुंपली आहे.

खर्चाच्या बाबतीत माझी तक्रार नाही. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांचं कर आणि खर्चाचं मोठं विधेयक सिनेटमध्ये ५०-५० वर अडलं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मतावर सुटलं. त्यात कर्जमर्यादा (सरकारने किती कर्ज काढावं याची मर्यादा) ५ लाख कोटी डॉलरने वाढत होती, म्हणून पॉल विरोधात गेले. मला ते आवडलं. गर्भपाताबाबतही ते आमच्याच बाजूचे.

अडतं ते हेंपपाशी. पीक गांजाच्याच जातीचं, पण नशा आणणारं टीएचसी अगदी कमी. २०१८ च्या फार्म बिलात, म्हणजे शेतीच्या केंद्रीय कायद्यात, केंटकीचेच दुसरे सिनेटर मॅककॉनेल यांनी ते कायदेशीर करून घेतलं. पुढे त्याच कायद्याच्या फटीतून नशेच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) निघाल्या, पेट्रोल पंपावर मिळायला लागल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये निधीअभावी बंद पडलेलं सरकारी कामकाज पुन्हा सुरू करणाऱ्या विधेयकात मॅककॉनेलनीच ती फट बुजवायची तरतूद आणली: एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको. ती काढून टाकायला पॉल उभे राहिले आणि ७६-२४ ने हरले. का, तर शेतकरी बुडेल आणि हे राज्यांनी ठरवावं. माझी मुलगी शाळेतून येताना त्याच पंपावर थांबते हो!

नवरा म्हणतो, सरकारने घरात नाक खुपसू नये असं म्हणणारा माणूस हवा, तर हेही पत्करायला हवं. मी म्हणते, मग हा कॉन्झर्व्हेटिव्ह कसला? तुम्ही कशावरून ठरवता?

प्रतिसाद १

ताई, हेंप राहू द्या, मला खर्चाबद्दलच शंका आहे. त्याच विधेयकाच्या वेळी पॉल म्हणत होते, कर्जमर्यादेची वाढ कमी करा, मत देतो. नेत्यांनी ऐकलं नाही. अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर मर्कौस्कींना त्यांच्या राज्यासाठी सवलती देऊन ५० चा आकडा गाठला. पॉल यांचं तत्त्व शाबूत राहिलं, विधेयक मात्र आणखी महाग झालं. एकट्याच्या ‘नाही’ला माझ्या लेखी फार किंमत नाही. याउलट एप्रिल २०२५ मध्ये कॅनडावरच्या टॅरिफविरुद्ध (आयातकराविरुद्ध) ते इतर तीन रिपब्लिकनांसोबत डेमोक्रॅट्सबरोबर गेले आणि ठराव ५१-४८ ने सिनेटमध्ये मंजूर झाला. कॅनडात माल विकणाऱ्या आपल्या बर्बन व्हिस्कीवाल्यांसाठी काही केलं असेल तर ते हे.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धा सहमत. पण ताई, राज्यांनी ठरवावं हे त्यांचं म्हणणं पोकळ नाही. केंटकीने २०२३ मध्येच कायदा करून नशेचा हेंप माल २१ वर्षांखालच्यांना विकायला बंदी घातली आहे. पंपवाला वय विचारत नसेल, तर त्याची तक्रार राज्याकडे करा, सिनेटरवर राग काढून उपयोग नाही. मतदानाचं म्हणाल, तर केंटकीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, बंद असते: त्या पक्षात नोंदणी असलेल्यांनाच मत देता येतं. चिडून पक्षाची नोंदणी बदलू नका, नाहीतर प्रायमरीत पॉल यांच्याविरुद्धही मत देता येणार नाही. समोर कोण उभं राहतं ते कळू द्या, मग भांडा.