वणव्यात आधी बादली की आधी माणूस?

सह्यवेडा:
मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादलीने पाणी टाकतानाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केले. खाली डोंगरात हिरव्या फांद्यांनी जाळ झोडपणारी माणसं किती जणांनी पाहिली? आणि वरच्या वैमानिकाला तरी ती दिसतात का?

३० जून २०१३, अमेरिकेतलं ॲरिझोना, यार्नेल हिलचा वणवा. वादळाने वाऱ्याची दिशा फिरवली आणि आग विझवणारे १९ जवान दरीत अडकून गेले. पाणी-रसायन टाकणारं अजस्र डीसी-१० विमान तेव्हा हवेतच होतं. पण टाकायचं कुठे? जवान नेमके कुठे आहेत हे वरही कळेना, खालीही कळेना. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेने कायदा करून जवानांचं ठिकाण दाखवणारी यंत्रणा उभारायला सांगितलं.

माझं मत सरळ आहे. आपल्याकडे वणव्याच्या तंत्रज्ञानावरचा पहिला रुपया जाळापुढे उभ्या माणसाचं ठिकाण कळवणाऱ्या उपकरणावर जावा. ड्रोन आणि एआय मागून येऊ देत.

मेळघाटी:
भाऊ, एकदा एप्रिलात आमच्याकडे या. जंगलात ट्रॅकर आला की तो आठवड्याभरात हजेरीचा होतो. वणवा असो नसो, ‘तू दुपारी दोन तास एकाच जागी का होतास’ हे विचारायला साहेब मोकळे. गस्तीच्या ॲपचं हेच झालेलं पाहिलंय.

माहितीचा दुष्काळ नाही हो. उपग्रहाने आग टिपली की भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश फोनवर येतो. नकाशावर ३७५ मीटरचा ठिपका, आग त्यात कुठेतरी. त्या ठिपक्यापर्यंत चढून जायला माणूस लागतो, आणि एका वनरक्षकाच्या वाट्याला किती डोंगर येतात ते बघा. तुमचा पहिला रुपया मला द्या. फेब्रुवारीआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, नीट साफ करतो, पोरांना चांगले बूट आणि पाचोळा उडवणारे ब्लोअर घेतो. उरला तर ट्रॅकर.

सॅन होजेकर:
दोघांचंही अर्धंच पटलं. इथे कॅलिफोर्नियात हजाराहून जास्त कॅमेरे डोंगरांवर बसवलेत. रात्रीचा धूर कुणाचा फोन यायच्या आधी एआय दाखवतं, हे खरंच घडतं. तरी ७ जानेवारी २०२५ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या वणव्यात वारा एवढा होता की विमानं खाली उतरवावी लागली. दोन दिवसांनी कुणा हौशी माणसाच्या ड्रोनने कॅनडातल्या क्वेबेकहून आलेल्या, आगीवर पाणी टाकणाऱ्या ‘सुपर स्कूपर’ विमानाच्या पंखाला भोक पाडलं. ऐन आगीत एक विमान जमिनीवर!

माझ्या लेखी यंत्राच्या आधी भाषा येते. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत १३ दिवसांत १६ माणसं गेली आणि ७०० वर इमारती जळाल्या. वेगवेगळ्या खात्यांचे रेडिओ जुळेनात, एकाच शब्दाचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा. त्यातून ‘घटना नियंत्रण पद्धत’ जन्मली. एक प्रमुख, ठरलेले शब्द, ठरलेली वाहिनी. म्हादईवर वनखातं, नौदल, हवाई दल एकत्र आले. पुढच्या वेळी कोण कुणाशी कुठल्या वाहिनीवर बोलणार, हे आजच ठरवायला एक पैसा लागत नाही.

मेळघाटी:
ठरवायला नाही लागत. बोलायला वॉकीटॉकीत बॅटरी लागते.

सह्यवेडा:
हजेरीचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. मग असं करा, उपकरण फक्त वणव्याच्या वेळी चालू आणि नोंदी हजेरीला वापरायच्या नाहीत, असं लेखी घ्या. पण ‘बूट की ट्रॅकर’ हा झगडा मला मान्य नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात बिनसरला आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी एका दिवसात गेले.

मेळघाटी:
आणि ट्रॅकरने ते वाचले असते? आग चढावर पळते तेव्हा ठिपका फक्त एवढंच सांगतो की प्रेत कुठे शोधायचं. कठोर वाटेल, पण उतरायची वाट आधी कुणी साफ केली होती का, हे मी आधी विचारीन.

सॅन होजेकर:
यार्नेलमध्ये मात्र ठिपका वरच्या विमानाला दिसला असता. त्यांचा जीव वाचलाच असता, असं मी म्हणत नाही.

मेळघाटी:
आमच्या वर विमानच नसतं ना साहेब.