लिम्फोसाइट्स वाढल्या म्हणजे सिलिॲकच असं नाही

लहान आतड्याच्या बायॉप्सीत 'विलाय (अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) नॉर्मल, लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेल्या' असा शेरा आलाय, तर सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होणारा आजार) समजून गहू आजच बंद करू का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते इतक्यात नको. गहू सोडला की रक्तातल्या सिलिॲकच्या अँटीबॉडी उतरू लागतात, अस्तरही सुधारतं, आणि मग खरं-खोटं करणं अवघड होऊन बसतं.

या शेऱ्याला मार्श १ म्हणतात. अस्तराच्या १०० पेशींमागे साधारण २५ पेक्षा जास्त लिम्फोसाइट्स दिसल्या की तो पडतो. सिलिॲक हे त्यामागचं एक कारण. एच. पायलोरी (जठरातले जिवाणू), जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ, क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार) यांनीही तेच चित्र दिसू शकतं. आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या! 'औषधं काय चालू आहेत?' या प्रश्नाला गुडघेदुखीची गोळी कुणी मोजतच नाही.

टीटीजी-आयजीए (सिलिॲकच्या आयजीए प्रकारच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) केली असेल तर सोबत एकूण आयजीए (त्या प्रकारच्या सगळ्या अँटीबॉडींचं प्रमाण) झालंय का, ते बघा. ते मुळातच कमी असेल तर टीटीजी निगेटिव्ह येऊनही उपयोग शून्य. तरीही घोळ राहिला तर एचएलए डीक्यू२/डीक्यू८ जनुकं तपासतात. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळपास बाद. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, निरोगी माणसांतही ती सर्रास सापडतात.

शिवाय रिपोर्टवर बायॉप्सीचे तुकडे किती घेतले ते वाचा. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) दुसऱ्या भागातून किमान ४ आणि बल्बमधून (त्याच्या अगदी पहिल्या भागातून) १-२ हवेत, कारण सिलिॲकमधली खराबी कधी कधी ठिपक्याठिपक्यांनी असते.