प्रतिसादासाठी खरं नाव सक्तीचं असावं का?

पिंपळपान (धागा सुरू करताना)
कुणी चार रात्री जागून लेख लिहितो आणि खाली पहिला प्रतिसाद येतो, 'काहीही!' दुसरा थेट त्याच्या हेतूवर. असं दोन-तीनदा झालं की चांगली लिहिणारी माणसं लिहायचीच थांबतात. जे लिहिलंच गेलं नाही त्याचं नुकसान कुणाला दिसतही नाही. माझं मत स्पष्ट आहे: खरं नाव द्या, मगच बोला. तोंडावर जे बोलवत नाही ते टोपणनावाआडूनही बोलू नये.

उंबरठा
अजिबात पटलं नाही. दक्षिण कोरियात २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवणं कायद्यानं सक्तीचं झालं. २०११ मध्ये तिथल्या एका बड्या पोर्टलवरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये तिथल्या संवैधानिक न्यायालयानं ती सक्तीच रद्द केली. बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचा पुरावा नाही, हे एक कारण होतं.
आणि घरातल्या मारहाणीबद्दल लिहिणारी बाई खरं नाव कसं देईल? शिवीगाळ करणारे मात्र फेसबुकवर स्वतःच्या नावानिशी, मुलाबाळांच्या फोटोसकट करतात.

पिंपळपान
तिथे सरकारी सक्ती होती. मी म्हणतोय ते संकेतस्थळ चालवणाऱ्यानं आपल्या जागेपुरतं ठरवायचं. पण त्या बाईचा मुद्दा मान्य, तिच्यासाठी वाट ठेवावीच लागेल.

लेखणी
नावावर कशाला अडलाय? निम्मे वाद शीर्षक वाचून होतात! नॉर्वेच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या एनआरकेबीटा या विभागानं २०१७ मध्ये काही लेखांखाली तीन सोपे प्रश्न ठेवले. उत्तरं लेखातच असायची. ती बरोबर आली तरच प्रतिसादाची चौकट उघडायची. वाचणं तर होतंच, शिवाय त्या मिनिटभरात डोकंही जरा शांत होतं.

उंबरठा
कल्पना चांगली आहे, पण नीट वाचून वाकडं बोलणारेही कमी नाहीत. मला फरक दिसतो तो लेखक स्वतः खाली उतरून उत्तरं देतो तिथे. प्रश्न विचारणाऱ्याला वेळेवर उत्तर मिळालं, की टवाळखोरांना ऐकायला कुणी उरत नाही.

पिंपळपान
म्हणजे शिव्याही त्यानंच खायच्या आणि राखणही त्यानंच करायची? नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यावर हा भार टाकणं अन्याय आहे. ते काम संपादकाचं. मी एवढं सोडायला तयार आहे: टोपणनाव चालेल, पण एकच आणि कायमचं. नावावर टिचकी मारली की त्या माणसाचे जुने प्रतिसाद दिसले पाहिजेत.

उंबरठा
याला माझी हरकत नाही. फक्त संपादकानं प्रतिसाद उडवला, तर का उडवला ते तिथेच, सगळ्यांना दिसेल असं लिहावं. नाहीतर उद्या विरोधी मतंच गायब होतील.

लेखणी
आणि ते तीन प्रश्न?