१९६९ ची कॉर्व्हेट: ब्रेकमधली हवा काढली तरी पेडल परत मऊ. जुने कॅलिपर ठेवू की नवे घालू?

प्रश्न

१९६९ ची कॉर्व्हेट, ४२७ इंजिन. चारही चाकांना मूळचे चार पिस्टनवाले बिडाचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आहेत आणि डिस्क अजून कंपनीच्या रिव्हेटवरच. हवा काढली की पेडल टणक होतं, पण शे-दीडशे मैल चालवली की पुन्हा स्पंजसारखं. गाडी नुसती उभी असेल तर महिनाभर काही होत नाही. बाहेर कुठे गळती नाही, ब्रेक ऑइलची पातळीही उतरत नाही. मागचा एक कॅलिपर उघडला, त्याच्या बोअरमध्ये (पिस्टन सरकतो त्या भोकात) गंजाचे खड्डे आहेत. मूळ कॅलिपरना स्टेनलेसच्या स्लीव्ह (बोअरमध्ये बसणाऱ्या नळ्या) घालून घ्याव्यात, की मूळच्या लिप सीलऐवजी ओ-रिंगवाले नवे बसवावेत?

उत्तर १

कॅलिपरचं नंतर ठरवा, आधी डिस्कला डायल गेज लावा. चालवली की मऊ आणि उभी असली की टणक, हे लक्षण रनआउटचं, म्हणजे डिस्क डुलत फिरण्याचं आहे.

या कॅलिपरमध्ये प्रत्येक पिस्टनमागे स्प्रिंग असते आणि ती पॅड डिस्कला टेकवून ठेवते. डिस्क डुलत फिरत असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पिस्टन आत-बाहेर सरकतो. लिप सीलचा (पिस्टनवरच्या ओठासारख्या रबरी कडीचा) ओठ ऑइलच्या दाबाने बोअरला चिकटतो. पाय पेडलवर नसताना तो दाबच नसतो, मग पिस्टन बाहेर येताना ओठाच्या कडेने हवा आत ओढली जाते. ऑइल बाहेर पडत नाही, हवा मात्र आत शिरते. म्हणून तुम्हाला गळती सापडत नाही.

मोजण्याआधी बेअरिंगची ढिलाई तपासा, नाहीतर आकडा खोटा येतो. गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आत ठेवा. ५ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर चालणार नाही. लिप सील ठेवायची असतील तर २-३ थाऊपर्यंत आणाच. जाडीही मायक्रोमीटरने बघा: नवी डिस्क १.२५० इंच, किमान १.२१५.

उत्तर २

खड्डे हा दुसरा रोग, त्याचाही बंदोबस्त हवाच. नुसतं होनिंग करून (बोअर आतून घासून) खड्डे जात नाहीत, आणि सीलचा ओठ त्यांच्यावरून गेला की गळती ठरलेली. कॅलिपरची मूळ कास्टिंग (ओतीव बॉडी) शाबूत असेल तर ती टाकू नका. बोअर मोठा करून स्लीव्ह प्रेस करायची आणि मूळ मापाला आणायची: पुढे १ ७/८ इंच, मागे १ ३/८. चारही कॅलिपर एकदम करून घ्या.

स्लीव्हिंगवरून आलेला कॅलिपर तसाच बसवू नका. दोन अर्ध्या भागांमधल्या ऑइलच्या वाटेवर छोटी ओ-रिंग असते, ती नवी पडलीय का ते बघा. पिस्टन घालताना ओठ उलटतो, त्यासाठी बोथट पातळ पट्टी वापरा आणि सीलला फक्त ब्रेक ऑइल लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं तर रबर फुगतं.

ओ-रिंगवाल्या पिस्टनमधून हवा शिरत नाही, हे खरं. पण डिस्कचं डुलणं जागेवरच राहतं आणि ते पायाला जाणवतं. डिस्क सरळ केल्याशिवाय ओ-रिंगकडे वळणं मला पटत नाही.

प्रश्नकर्ता

मोजलं. पुढे २ आणि ३ थाऊ, मागे डावीकडे ४, मागे उजवीकडे ११. त्या डिस्कची जाडी १.२३८. बेअरिंग ठीक आहे. लेथवर मारून घेऊ का?

उत्तर १

११ थाऊ म्हणजे चोर सापडला. लेथवर सरळ होईल, पण जाडीतून साधारण ११ थाऊ जाऊन १.२२७ उरेल. किमानापर्यंत १२ थाऊ फक्त, पुढच्या खेपेला डिस्क फेकावी लागेल. त्यापेक्षा शिम (पातळ पत्र्याची चकती) लावा. डिस्क आणि स्पिंडलवर (डिस्क ज्यावर बसते तो फिरणारा दांडा) जुळती खूण करून पाचही रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवा. बसण्याच्या दोन्ही जागा गंज काढून चकचकीत करा. तिथे गंजाची खपली राहिली की बाहेरच्या कडेला ती कितीतरी मोठी होऊन दिसते. मग आधी खुणेवर आणि नंतर उरलेल्या चार जागांवर, सगळे नट आवळून मोजा. सगळ्यात कमी आकडा येईल ती जागा पकडा आणि उरलेलं निमुळत्या शिमने काढा. डावी ४ वाली पण याच पद्धतीने आणा. डिस्क निघालीच आहे तर आतले हँडब्रेकचे शू आणि स्प्रिंगा बदलून टाका, रिव्हेट असताना तिथे हात पोचत नाही.

उत्तर ३

रबरी होजही बदला. जुना होज आतून फुगतो, मग पेडल सोडल्यावर ऑइल परत येत नाही आणि पॅड घासत राहतात. डॉट ५ प्रतीचं ब्रेक ऑइल घालायचं असेल तर सगळं उघडलेलं असताना आत्ताच. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ नावाने फसू नका, ते ग्लायकॉलचंच आहे.

हवा काढताना मागच्या प्रत्येक कॅलिपरला हवा काढायचे दोन निपल आहेत, आतलं आणि बाहेरचं. बाहेरचं राहून गेलं की अर्ध्या कॅलिपरमध्ये हवा तशीच. बसवल्यावर निपल खाली आलेलं दिसलं तर डावा-उजवा कॅलिपर बदललाय, तो उतरवल्याशिवाय हवा निघणार नाही.