हॉवर्ड विद्यापीठात पाच वर्षांत दोन सोरॉरिटी का निघाल्या?

जिज्ञासू:
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरॉरिटी (महाविद्यालयीन मुलींची ग्रीक अक्षरांच्या नावाची भगिनी-संघटना), अल्फा कप्पा अल्फा, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली निघाली आणि तिथेच १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा स्थापन झाली. हे निव्वळ आपसांतले भांडण होते का?

वाचक_एक:
भांडण होते, पण क्षुल्लक नव्हते. ब्राउन विद्यापीठात शिकलेल्या एथेल रॉबिन्सन या अध्यापिकेने तिथल्या सोरॉरिटीच्या आठवणी सांगितल्या, त्यावरून एथेल हेजमन या विद्यार्थिनीने मैत्रिणींना जमवले आणि १५ जानेवारी १९०८ रोजी नऊ जणींनी संस्था सुरू केली. पुढे १९१२ मध्ये बावीस सदस्यांना ती फार अंतर्मुख वाटू लागली. नाव, रंग, चिन्हे सगळेच बदलावे आणि सामाजिक प्रश्नांत उतरावे, असा त्यांचा आग्रह होता. तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेल्या, याच संस्थेच्या जुन्या सदस्य नेली क्वांडर यांनी हे मोडून काढायचे ठरवले आणि बेत सोडण्यासाठी मुदत घालून दिली. बावीस जणी बधल्या नाहीत. १३ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी डेल्टा स्थापन केली. क्वांडर यांनी २९ जानेवारीला जुन्या संस्थेची कायदेशीर नोंदणी करून घेतली, म्हणजे तिचे नाव पुन्हा कोणी बदलू पाहणार नाही.

वाचक_दोन:
डेल्टाच्या मुलींनी आपले म्हणणे लगेच कृतीत आणले. संस्था जेमतेम सात आठवड्यांची असताना, ३ मार्च १९१३ रोजी, राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, त्या स्त्री-मताधिकाराच्या मिरवणुकीत वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू या रस्त्यावरून चालल्या. स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या कृष्णवर्णीय नेत्या मेरी चर्च टेरेल त्यांच्यासोबत होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेवटी चालावे, अशी संयोजकांची इच्छा होती आणि रस्त्यात घुसलेल्या जमावाने मिरवणुकीतल्या स्त्रियांना धक्काबुक्की केली, हे लक्षात घेतले, तर या विशीतल्या मुलींचे धाडस कळते.

वाचक_तीन:
मात्र यावरून अल्फा कप्पा अल्फाच्या मुली केवळ हौशी होत्या, असा अर्थ काढू नये. मूळ नऊ जणींपैकी ल्यूसी स्लो पुढे, १९२२ मध्ये, हॉवर्डच्या विद्यार्थिनींसाठीच्या पहिल्या अधिष्ठाता (डीन) झाल्या. शिवाय ही संस्था आपल्या वीस संस्थापिका मानते: मूळ नऊ, त्याच वर्षी सामील झालेल्या सात आणि १९१३ च्या नोंदणीच्या चार. १९०८ मध्ये सदस्यही नसलेल्या क्वांडर या शेवटच्या चारांत आहेत.