सोलापूर पायी फिरून बघायचंय, गड्ड्याला येऊ की नंतर?

पेन्सिलवाली_पुणे
नमस्कार मंडळी. मी पुण्याची, हौस म्हणून रस्त्यावर बसून स्केचेस काढते. देवळं किल्ले असं काढून झालंय आता लोकं काढायचीत. ऑफिसातली एक सोलापूरची मैत्रीण म्हणते गड्ड्यालाच, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेलाच ये, दुसरी म्हणते अजिबात नको, गर्दीत वही उघडायला सुद्धा जागा मिळायची नाही. तीनच दिवस सुट्टी आहे. जत्रेत पाळणे आणि स्टॉल सोडून बघण्यासारखं काय असतं? आणि जत्रा सोडून एरवी गावात भिंतींवरची चित्रं, पुतळे, गल्ल्या असं काही आहे का? एकटीच येणारे, त्या हिशोबानं सांगा.

उत्तर_कसबा
ताई गड्ड्यालाच या. पण तुमच्या मैत्रिणीचं पण बरोबरंय, कारण बाहेरची माणसं थेट होम मैदानावर जातात, पाळण्यात बसतात, मौत का कुआँ बघतात आणि बघितली जत्रा म्हणून परत जातात. ते मैदान शेवटी ठेवा ओ. खरी जत्रा गल्लीतनं चालत जाते.

म्हणजे बघा, आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी गावात आणि गावाभोवती 68 लिंगं स्थापली असं मानतात, आणि यात्रेच्या पहिल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे माणसं पेलत नेतात त्या सजवलेल्या उंच काठ्या, निघून या सगळ्या लिंगांना तेल घालत फिरतात, यण्णीमज्जन म्हणतात त्याला. सुरुवात हिरेहब्बू वाड्यापासनं, आमच्या उत्तर कसब्यातनं. तुम्ही फक्त काठ्यांच्या मागं चालत राहायचं, वाटेत माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा, देऊळ सगळं आपोआप येतंय. अख्खं जुनं गाव एका दिवसात पायाखालनं जातं, मॅप बिप काय लागत नाही. चप्पल मात्र जुनी घाला, आणि पाय दुखले म्हणून मला शिव्या देऊ नका.

दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते तर योगी, मग त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं अशी गोष्ट आहे, ते लग्न दर वर्षी लागतं. संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचताना सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम आलं की चारी बाजूनं तांदूळ उडतात. केसात, वहीत, शर्टाच्या खिशात, सगळीकडं. मी रात्री घरी आलो की आई अजून दारातच झटकायला लावते. तिसऱ्या दिवशी होम, त्याच्या पुढच्या दिवशी शोभेचं दारूकाम. तुम्हाला तीनच दिवस असतील तर दारूकाम सोडा, फटाके पुण्यात पण दिसतात.

आणि काढायचंच असेल तर काठीचा शेंडा काढत बसू नका, तो सगळेच मोबाईलमध्ये घेतात. पेलणाऱ्याच्या मानेकडं बघा. पांढरी बाराबंदी घामानं पाठीला चिकटलेली असते, डोळे वर वायरीकडं, आणि तोल जरा गेला की बाजूचे काही न बोलता हात लावतात. महिनाभर आधीपासनं सराव चालू असतो. बारकी पोरं पण बांबूला रंगीत कागद लावून स्वतःचा नंदीध्वज करतात आणि गल्लीत 'हर्र बोला हर्र' करत पळतात. माझ्या पुतण्यानं मागच्या खेपेला घरातला जाळ्या काढायचा झाडू नेला होता.

तारखा संक्रांतीच्या आसपासच असतात, तिकीट काढायच्या आधी त्या वर्षीचा कार्यक्रम बघून घ्या.

पूर्वभागचं_पोरगं
कसब्यातल्यांना वाटतंय सोलापूर माणिक चौकात संपतंय 😄 इकडं पूर्वभागात, गावाच्या पूर्वेकडच्या पेठांत, पण या की ओ. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अर्धी गल्ली तेलुगू बोलते. आमचा सण म्हणजे नारळी पौर्णिमा, मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, आमचा विणकरांचा पद्मशाली समाज सगळा रस्त्यावर असतो. म्हणजे श्रावणात. त्या दिवशी पूर्वभागात रिक्षा मिळत नाही, आधीच सांगतो.

पण ताईला लोकं काढायचीत तर मी म्हणतो सण नसतानाच या. सकाळी आठ साडेआठला कुठल्या पण बोळात शिरा, मागाचा खट्याक खट्याक आवाज येतोच, आता पहिल्यासारखे माग राहिले नाहीत पण आवाज अजून आहे. चादर आणि टॉवेल दोन्हीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय वगैरे ठीक आहे, पण माझ्या आजोबांना मागाच्या आवाजानं कमी ऐकू यायचं, त्यामुळं आमच्या घरात सगळे अजून ओरडूनच बोलतात. आणि उंबऱ्यावर बसलेल्या बायका बघा, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, हात विडी वळतोय आणि तोंड शेजारणीशी बोलतंय, खाली बघायची गरजच नाही. माझी आई तशीच वळायची. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. स्केच काढलं तर उलट शेजारीण उठून बघायला येईल आणि नाक चुकलंय म्हणून सांगेल. 'बागुन्नारा', म्हणजे तेलुगूत 'बरे आहात का', एवढं म्हणा, चहा नक्की.

भैय्याचौक_७७
भिंतीवरच्या चित्रांबद्दल कोणी बोलंना म्हणून लिहितो. चित्रं आहेत, पण त्यांच्यापुढं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचे बॅनर, लागतात. वाढदिवसाचं डिजिटल, निवडीचं डिजिटल, भावी अमुक तमुकचं डिजिटल. आमच्या कोपऱ्यावर एका भिंतीवर कुणीतरी लेझीम खेळणारी पोरं रंगवली होती, छान काढलेली, चार महिने दिसली असतील. आता त्यातल्या एका पोराचा फक्त पाय दिसतो, वर कुणाचा तरी गॉगल घातलेला चेहरा. असो.

पुतळ्यांचं विचाराल तर चार पुतळ्याला जावाच. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर असं पेटलं की इंग्रजांचे अधिकारी गाव सोडून गेले, मग मार्शल लॉ लावला. या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. म्हणजे तुमच्या पुण्यातच. तुम्ही बहुतेक हुतात्मा एक्स्प्रेसनं याल, ती गाडी यांच्याच नावाची आहे. आणि तारीख बघा, गड्ड्याच्या तोंडावरच येते. एकीकडं पुतळ्याला हार आणि दुसरीकडं नंदीध्वजाची तयारी, असं दोन्ही एकाच आठवड्यात.

आमच्या भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता 1942 ला तिकडंच गेले ते. दुपारी शांत असतं, सावलीत बसून काढता येईल.

पेन्सिलवाली_पुणे
बापरे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. आता माझं डोकं फिरलंय, यण्णीमज्जन पण हवंय आणि विडीवाल्या काकू पण. दोन दिवस कसबा आणि एक दिवस पूर्वभाग जमेल का? आणि जेवायचं काय? संध्याकाळनंतर एकटीनं फिरायला बरं आहे का?

उत्तर_कसबा
जमतंय की. पहिले दोन दिवस आमच्याकडं, तिसऱ्या दिवशी सकाळी पूर्वभाग, आणि संध्याकाळी होमाला परत या. जत्रेत रात्री उशिरापर्यंत बायका पोरं सगळी बाहेर असतात, काळजी नाही, फक्त मैदानावर पर्स पुढं घ्या. राहायचं आधी बुक करा, त्या आठवड्यात रूम मिळत नाहीत.

शेंगाचटणी_फॅन
जेवायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी, वर दही. बास. भाकरी कडक आहे म्हणून हॉटेलवाल्याला परत करू नका, ती तशीच असते, माझ्या पुण्याच्या मेव्हण्यानं केली होती.

पूर्वभागचं_पोरगं
ताई संक्रांतीच्या आसपास येताय तर आमच्याकडं सकाळी दहाच्या आत या, नंतर आई पण गड्ड्याला जाते.